जाऊन या

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

यातलं माणूस न् माणूस खरं आहे. घर खरं आहे. कॅसेट खरी आहे. ती आजही आहे, आणि कुठे ठेवली आहे तेही मला माहीत आहे.

ती ऐकायला मी जाणार नाही.

साल १९९९. गाव कुंभकोणम. मे महिना, म्हणजे तिकडचं अग्निनक्षत्र, वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन.

वेळ मात्र रात्रीची नव्हे. भर दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी कुंभकोणमची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. कावेरीत पाणी नाही. देवळांची दारं बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा वेळी जो कोणी तुमच्या दारात येऊन उभा राहतो, तो बहुधा माणूस नसतो.

किंवा हनुमंतराव असतात.

हे घडलं माझ्या आतेभावाला, व्यासराजला. तो तिथल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवायचा. आमची घराणी मराठी राजांच्या मागोमाग तंजावर प्रांतात गेली आणि परत यायचं विसरली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ; ‘बरं’ला मात्र घरातही ‘सरी’. आमचं बोलणं पुण्याच्या माणसानं ऐकलं की त्याला वाटतं, कुणीतरी बखर वाचतंय.

व्यासराज रागीट. म्हणजे कधीमधी रागावणारा नव्हे. राग हा त्याचा जोडधंदा होता. कॉफी पातळ झाली, राग. पेपर उशिरा आला, राग. पेपर वेळेवर आला तर आतल्या बातम्यांचा राग.

त्यात त्यानं कॉम्प्युटर घेतला.

कशासाठी, ते सांगतो. कारण सगळी गोष्ट त्यावर आहे.

त्याचे वडील नरसिंहराव भजनी होते. तिरुविसनल्लूर, गोविंदपुरम्, कुठल्याही मठात त्यांचा आवाज लागला की म्हातारे डोळे मिटायचे आणि पोरं गप्प बसायची. त्यांना त्यांच्या आजोबांकडून आलेलं एक पद होतं. मराठी पद. दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

‘थांब सांगातिया, वाट नाही सरली…’

ध्रुवपद व्यासराजला येत होतं. मधली कडवी अर्धीमुर्धी येत होती. शेवटचं कडवं येत नव्हतं. शिकू म्हणता म्हणता राहिलं, आणि एक दिवस नरसिंहरावच राहिले नाहीत.

उरली होती एक कॅसेट. अशाच एका दुपारी झोपाळ्यावर बसून नरसिंहरावांनी ते पद एकट्यानं म्हटलं होतं. कॅसेटवर बुरशी चढत होती. दर वेळी वाजवली की आवाज थोडा आणखी आत जायचा. व्यासराजला ते पद कॉम्प्युटरवर उतरवायचं होतं, आवाज मोठा करायचा होता, आणि शेवटच्या कडव्याचे शब्द एकदाचे नीट ऐकायचे होते. मग त्या वर्षी गोविंदपुरमच्या मठात वडिलांच्या जागी बसून स्वतः म्हणायचं होतं.

नाहीतर ते पद जगातून जाणार होतं. तेवढंच.

आता हनुमंतराव.

हे नरसिंहरावांचे जालरावाले. जालरा म्हणजे टाळ. जन्मभर त्यांच्या डाव्या हाताला बसले. बायको नाही, मूल नाही. दुपारी सगळं गाव झोपलं की हे यायचे. दार लोटलेलं असलं तरी मान आत.

“काय रे व्यासा, आहेस का?”

व्यासराज अभ्यासाला बसला, मान आत. पेपर तपासायला बसला, मान आत. नरसिंहराव गेल्यावरही थांबले नाहीत. “ती कॅसेट लाव रे. त्या दिवशी मज यायला उशीर झाला. शब्द मज ठाऊक नाहीत. ताल ठाऊक आहे.”

“मग लावू,” व्यासराज म्हणायचा. त्याच्या दातांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

पण त्यांना ‘जा’ म्हणायची सोय नव्हती. आमच्यात कुणालाच नाही. जाणारा ‘येतो’ म्हणतो, घरचे ‘जाऊन या’ म्हणतात. नुसतं ‘जा’ ज्याला म्हणायचं, तो तेव्हा तिरडीवर असतो. मग न हलणाऱ्या पाहुण्याला हलवायचं कसं? तबकात विडा ठेवून पुढे करायचा. विडा आला की शहाण्यानं उठायचं. व्यासराजची बायको जयलक्ष्मी तबक घेऊन यायची. हनुमंतराव हसायचे, बोटाला चुना लावायचे आणि उठायचे.

“समजलं हो. येतो.”

“जाऊन या.”

दुसऱ्या दुपारी परत मान आत.

त्या वर्षी पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर, हनुमंतराव वारले. कॅसेट ऐकायची राहिलीच. व्यासराजनंच अग्नी दिला. घरी येऊन तो म्हणाला, “आता दुपारी तरी दार उघडं ठेवता येईल.”

मे महिन्यात चौकटी सुरू झाल्या.

आधी साध्याच होत्या. टेलिफोनची तार जोडून इंटरनेट लावलं की पडद्यावर आपोआप उगवायच्या. ‘अभिनंदन! तुम्ही जिंकला आहात!’

“काय जिंकलो?” व्यासराज पडद्यावर ओरडायचा. “केव्हा जिंकलो? मी खेळलो तरी होतो का?”

एक बंद करावी तर दोन यायच्या. टक्कल घालवा. अमेरिकेत घर घ्या. ‘इथे दाबू नका’ असं लिहिलेलीही एक होती. ती त्यानं रागानं दाबली, आणि आणखी सहा-सात आल्या.

“ह्यांच्या घरी आईबाप नाहीत का?” तो जयलक्ष्मीला विचारायचा. “न बोलावता दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हणजे काय?”

“घरात कोठे शिरले? तुमच्या डब्यात शिरले,” ती म्हणायची. “डब्याचं झाकण लावून ठेवा.”

शेवटी त्यानं तार उपटली. इंटरनेट बंद. कॉम्प्युटर फक्त कॅसेटसाठी.

टेपरेकॉर्डरच्या भोकातून कॉम्प्युटरच्या भोकात वायर घातली. रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी खरखर. मग झोपाळ्याची करकर. मग नरसिंहराव, बोलताना.

“हणमंत आला नाही अजून… सरी. त्याच्याशिवाय म्हणतो.”

आणि आवाज लागला.

‘थांब सांगातिया, वाट नाही सरली…’

टिंग.

पडद्यावर एक करडी चौकट.

हिच्यात अभिनंदन नव्हतं. टक्कल नव्हतं. हिच्यात काहीच नव्हतं… रिकामी. खाली एक बटण. ‘ओके’.

व्यासराजनं ते दाबलं. चौकट गेली.

पुढची ओळ संपली.

टिंग.

तीच चौकट. ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दावर.

त्यानं दाबलं. गेली. आली. दाबलं. आली. पद संपेपर्यंत हेच. रेकॉर्डिंग ऐकलं तर प्रत्येक ओळीचा शेवट त्या टिंगखाली चिरडलेला. शेवटच्या कडव्यात एक शब्द धड ऐकू येईना.

आणि तार तर काढलेली होती.

व्यासराजनं ते रेकॉर्डिंग पुसलं. पुसलेलं ज्या कचऱ्याच्या डब्यात जातं, तो डबाही रिकामा केला. मग टेबलावर मूठ मारली. चूक टेबलाची नव्हती, पण जवळ तेच होतं.

महामहम तळ्याजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सुंदरेशला बोलावणं गेलं. अग्निनक्षत्रात टाय लावून आला. यावरून माणसाची बुद्धी कळावी.

“व्हायरस, सार,” तो यंत्राला हात न लावता म्हणाला.

“कुठला?”

“नवा, सार.”

“आला कुठून? तार काढलीय.”

सुंदरेशनं विचार केला. “जुना असेल, सार.”

त्यानं सगळं पुसलं, सगळं नव्यानं घातलं. कॉफी प्यायला. जाताना म्हणाला, “आता देव आला तरी चौकट येणार नाही, सार.”

दुसऱ्या दुपारी कॅसेट लागली.

झोपाळा करकरला. “हणमंत आला नाही अजून… सरी. त्याच्याशिवाय म्हणतो.”

‘थांब सांगातिया…’

टिंग.

व्यासराज उठला आणि कॉम्प्युटरचे स्पीकर उपटून पलंगावर फेकले. आता ऐकू येत होता तो फक्त टेपरेकॉर्डर. नरसिंहरावांची पुढची ओळ झाली.

स्पीकर पलंगावर पडलेले… त्यांची वायर हवेत लोंबतेय…

टिंग.

आवाज डाव्या बाजूनं आला. जिथे नुसती भिंत होती.

जयलक्ष्मी दारात उभी होती. तिच्या हातात निवडायची तूर तशीच.

“अहो,” ती म्हणाली, “परत एकदा लावा.”

“मी हे यंत्र विहिरीत घालणार आहे.”

“घाला. आधी लावा.”

त्यानं लावली. टिंग झालं. ओळ झाली, टिंग झालं. तिच्या हाताची बोटं हलू लागली. अंगठा करंगळीवर, मग अनामिकेवर. ती ताल मोजत होती.

“ऐकिलं का?” ती हळूच म्हणाली. “एकदाही चुकत नाही. मामंजी ओळ लांबवतात, तेथे तेही थांबतं. ते घाई करितात, तेथे तेही घाई करितं.”

“मग?”

“मग काय? यंत्रास कसं कळणार, मामंजी कोठे लांबवणार ते?”

व्यासराजनं डावीकडच्या त्या नुसत्या भिंतीकडे पाहिलं.

“ते आले आहेत हो,” ती म्हणाली. “त्या दिवशी उशीर झाला म्हणत होते ना… ते आता आले आहेत.”

इथे दुसरा कुणी घाबरला असता. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. व्यासराज संतापला.

“जिवंतपणी मज स्वस्थ बसू दिलं नाही, आता मेल्यावरही मान आत!” त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “मज अप्पांचे शब्द हवेत! ह्यांचं टिंगटिंग नको! कॅसेट झिजत चालली आहे, आणि हे माझ्या बापाच्या तोंडावर टाळ आपटत बसले आहेत!”

खरं सांगायचं तर तो चूक नव्हता. शब्द जात होते. दर खेपेला नरसिंहराव आणखी लांब जाऊन गायल्यासारखे वाटत होते. आता फार वेळा ती कॅसेट वाजणार नव्हती.

जयलक्ष्मीनं तूर खाली ठेवली.

“ओरडून कधी गेलेत का ते? विडा द्या. रीतीनं जातील.”

तिनं तबक आणलं. कुंभकोणमची कोवळी पानं, सुपारी, चुन्याची डबी. कॉम्प्युटरसमोर ठेवलं. व्यासराजला म्हणाली, “कॅसेट उतरवून झाली की परत बोलावू म्हणावं. ‘जाऊन या’ म्हणावं. नीट म्हणा. मोठ्या माणसास सांगताहात.”

पंखा बंद केला. घरात काही वाजत नव्हतं. टेपरेकॉर्डरही बंद होता.

थोडा वेळ काहीच नाही…

मग चौकट आली.

टिंग झालं नाही. आवाज न करता आली, आणि पडद्याच्या मधोमध थांबली. करडी, रिकामी. जसं कुणी उठून दारापर्यंत गेलंय, ‘येतो’ म्हणालंय, आणि उत्तरासाठी उभं आहे.

जयलक्ष्मीनं नवऱ्याला कोपरानं खुणावलं.

व्यासराजनं तोंड उघडलं. त्याला रीत ठाऊक होती. त्याच्या सात पिढ्यांना ठाऊक होती. दोनच शब्द होते. पण त्या तोंडात वर्षानुवर्षांच्या दुपारी साचलेल्या होत्या.

“जा!” तो ओरडला. “जा एकदाचे! पुन्हा ह्या घरात येऊ नका!”

आणि त्यानं ओके दाबलं.

चौकट गेली. लगेच नव्हे… थोडी थांबून गेली.

“अहो,” जयलक्ष्मी म्हणाली. “असं कोणी म्हणतं का?”

तबकातली पानं तशीच होती. सुपारी तशीच. फक्त चुन्याच्या डबीत, सपाट चुन्यावर, एका बोटाचा खळगा होता. बोट बुडवलं होतं… आणि विडा न घेता कुणी उठलं होतं.

व्यासराज मात्र खूश. त्यानं लगेच कॅसेट लावली.

खरखर. झोपाळ्याची करकर.

“हणमंत आला नाही अजून… सरी. त्याच्याशिवाय म्हणतो.”

ध्रुवपद झालं. टिंग नाही. पहिलं कडवं झालं. टिंग नाही. प्रत्येक शब्द स्वच्छ. नरसिंहराव जणू समोर बसले आहेत. व्यासराजनं जयलक्ष्मीकडे पाहिलं. भांडण जिंकलेला माणूस बायकोकडे पाहतो तसं.

मधली कडवी संपली. आता शेवटचं.

नरसिंहराव थांबले.

झोपाळा करकरतोय… श्वास ऐकू येतोय… पण आवाज येत नाही.

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग,

“हणमंता?”

कॅसेटवर हे कधीच नव्हतं. व्यासराजनं ती कॅसेट आयुष्यात किती वेळा ऐकली असेल. हे तिच्यावर नव्हतं.

टेप संपेपर्यंत झोपाळा करकरत राहिला. शेवटचं कडवं आलं नाही.

“टेप खराब झाली आहे,” व्यासराज म्हणाला. त्यानं ती उलटी गुंडाळून परत लावली. बटण दोनदा चुकलं. रागानं, असं तो मला नंतर म्हणाला.

या खेपेला नरसिंहराव ध्रुवपदावरच थांबले. एक ओळ.

‘थांब सांगातिया, वाट नाही सरली…’

आणि वाट पाहू लागले. भजनात प्रमुख गाणारा ओळ सोडतो, ताल तिला धरतो, मग तो पुढे जातो. नरसिंहराव जन्मभर तसेच गायले होते. फक्त एका दुपारी नाइलाजानं एकटे गायले. आता त्यांना तो नाइलाज मान्य नव्हता.

“हणमंता… कोठे गेलास रे?”

जयलक्ष्मीनं देवघरातली जालरा आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. व्यासराजनं ताल धरला. चुकला नाही, बरोबर धरला. नरसिंहराव गायले नाहीत. आपल्या शेजारी कोण बसलंय हे त्यांना कळत असावं.

व्यासराजनं त्या दिवशी कॅसेट परत लावली नाही. काही दिवसांनी, राहवेना म्हणून, लावली.

झोपाळा करकरत नव्हता. थांबलेला होता. कुणीतरी पाय खाली टेकवून बसलंय, इतकंच जाणवत होतं. “हणमंत आला नाही अजून” हे वाक्य आलं नाही. पदही आलं नाही. फार वेळ नुसता श्वास. आणि मग अगदी जवळून, यंत्राला तोंड लावल्यासारखं,

“व्यासा… तू त्यास काय म्हणालास?”

व्यासराजनं बटण दाबून यंत्र बंद केलं.

मी त्यानंतर वर्षभरानं कुंभकोणमला गेलो. दुपारी पोचलो. दार सताड उघडं. व्यासराज कॉम्प्युटरसमोर बसलेला. टेलिफोनची तार परत जोडलेली. पडद्यावर चौकटींची जत्रा. अभिनंदन, टक्कल, अमेरिकेतलं घर. हा एकेक उघडत होता. ‘इथे दाबा’ म्हटलं की दाबत होता. जिंकला होता म्हणे, रोज जिंकत होता.

“हे काय रे?” मी विचारलं.

“येऊ देत,” तो म्हणाला. “सगळ्यांस येऊ देत. त्यांत एखादी रिकामी असेल.”

रिकामी एकही नव्हती.

“सगळे येतात,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर आहे हे त्याला कळत नव्हतं. “बोलावलं नाही ते सगळे येतात. एक माणूस येत नाही.”

टेबलावर तबक होतं. ताजी पानं. चुना रोज सपाट करून ठेवलेला. जयलक्ष्मीनं मला डोळ्यांनी खुणावलं, विचारू नका म्हणून.

“कॅसेट ऐकतोस का?” व्यासराजनं मला विचारलं. “तू विचारून पाहा. अप्पा तुझ्याशी बोलतील कदाचित.”

मला गाडी गाठायची होती. गाडी संध्याकाळची होती, तरी मी उठलो. जयलक्ष्मीनं विडा दिला. मी ‘येतो’ म्हणालो. दोघं एकदमच म्हणाली, “जाऊन या.” व्यासराजनं ते आणखी एकदा म्हटलं. मग आणखी एकदा. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो दारातून म्हणत होता.

त्या वर्षी गोविंदपुरमच्या मठात ते पद झालं नाही. नंतरही कधी झालं नाही. कॅसेट त्यांच्या देवघरात, लाल फडक्यात आहे.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. सुंदरेशला विचारा. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला नाव आहे.

आता माझ्याही घरी कॉम्प्युटर आहे. पुण्यात. त्याच्यावरही चौकटी येतात, भिकारड्या, निर्लज्ज, न बोलावता. मी कडक माणूस आहे, चिडतो, शिव्या घालतो. पण बंद करताना, बायको ऐकत नाही ना ते पाहून, प्रत्येकीला हळूच म्हणतो,

जाऊन या.

अजून सगळ्यांवर काहीतरी लिहिलेलं असतं.